गोरिलाला सर्दी होऊ नये म्हणून

नवे बूट पायात मुरवावे लागतात, नाहीतर जंगलात पहिल्याच चढावर फोड येतात, असं सहल नेणाऱ्या मॅडमनी फोनवर बजावलं, आणि त्या दिवसापासून ती घरात बूट घालूनच वावरू लागली. घोट्याच्या वर येणारे, जाड तळव्याचे, चिखलाच्या रंगाचे बूट. ते घालून ती भात लावायची, कपडे वाळत घालायची, ऑफिसातून आणलेल्या फायली वाचायची.

"घरात घोडा पाळल्यासारखं वाटतंय," नवरा म्हणाला.

त्यांच्या मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती त्याच्यापर्यंत बरोबर पोचायची. मुंगी अजून तीन वर्षांची व्हायची होती. ती बुटाची नाडी हातात धरून आईच्या मागे फरशीवर घसरत यायची आणि आईला दर चार पावलांनी थांबून गाठ मारावी लागायची.

संध्याकाळी मुंगीला बापाच्या मांडीवर सोपवलं की ती पाठीवर सॅक अडकवून जिना चढ-उतार करायला निघायची. चार मजली इमारत, लिफ्ट नाही. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि कॉलेजातली प्राणिशास्त्राची पुस्तकं, कारण घरात त्यांच्याइतकं जड आणि बिनकामाचं दुसरं काही नव्हतं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. पहिल्या दिवशी सॅक पाहून ते अर्धवट उठलेच.

"अहो, एकदम सामानसुमान घेऊन? भांडणबिंडण झालं की काय?"

"नाही हो काका. सराव करतेय. गोरिला बघायला जायचंय. जंगलात, डोंगर चढून."

"बरं, बरं. आणि मिस्टर?"

"तो नाही येत. मुलीजवळ कुणीतरी हवं ना."

पोस्टमास्तरांनी यावर जरा विचार केला. "म्हणजे भांडण झालंय," ते म्हणाले आणि परत टेकले. तेव्हापासून ती जिन्यात दिसली की ते विचारायचे, "निघालात की परत आलात?" कधी ती "निघाले" म्हणायची, कधी "आले". खरं तर दोन्ही एकच होतं. चौथ्या मजल्यावर पोचून घराच्या दाराला नुसता हात लावायचा आणि पुन्हा खाली. दारापलीकडून मुंगीचं हसू ऐकू यायचं, नवरा काहीतरी नक्कल करत असायचा. दार उघडून आत जावं असं दर खेपेला वाटायचं, आणि दर खेपेला त्याच पायांनी ती मागे वळायची.

हे गोरिलांचं खूळ जुनं होतं. कॉलेजात एकदा प्राध्यापकांनी पडद्यावर एक फोटो दाखवला होता. पावसात भिजलेली गोरिलाची मादी, कुशीत पिल्लू, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही तर त्याच्या किंचित बाजूला, जसं एखादं माणूस अनोळखी माणसाशी डोळे भिडवायचं टाळतं. बाकीची मुलं टिपणं काढत होती. ती नुसती बघत बसली होती. लग्नानंतर दोघांनी मिळून जायचं ठरलं, नावनोंदणी झाली, आणि मुंगीची चाहूल लागली. पुढच्या खेपेला मुंगीचे दात. मग एके दिवशी नवरा आपणहून म्हणाला, "हे असं पुढं ढकलत राहिलो तर आपण काठ्या टेकत जाऊ. तू जा. मला तसाही चढ बघितला की झोप येते." तो चांगला माणूस होता. त्याच्यावर चिडायला काही सापडत नसे, हीच कधी कधी पंचाईत व्हायची.

मात्र कशासाठी जायचं, हे तिनं त्यालाही नीट सांगितलं नव्हतं. प्राणी बघायला, एवढंच. त्या जंगलात डोंगर चढून गोरिलांचं कुटुंब सापडलं की फक्त एक तास मिळतो. त्या एका तासात बोलायचं नाही, खायचं नाही, पुढे जायचं नाही. गेल्या तीन वर्षांत तिला असा एकही तास मिळाला नव्हता, ज्यात तिच्या अंगाला कुणी चिकटलेलं नव्हतं, कुणी "आई" म्हणून हाक मारत नव्हतं, की कुणी हाक मारेल म्हणून तिचा कान तिकडे लागलेला नव्हता. इतकं कुणीतरी सतत अंगावर असूनही आपण एकट्याच का पडलोय, हे तिला कळत नव्हतं. आपण ज्यांच्यासाठी कुणीच नाही अशांच्या समोर तासभर बसलं तर कळेल, असं तिला वाटायचं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एक अट मात्र होती आणि ती तिला नवी नव्हती. तिनं ती परीक्षेच्या उत्तरात लिहिली होती. गोरिला माणसाच्या इतके जवळचे की माणसाची साधी सर्दी त्यांना लागते, आणि आपल्याला दोन दिवस नाक पुसायला लावणारी सर्दी त्यांच्यात पिल्लांचा जीव घेऊ शकते. म्हणून मास्क लावायचा, ठरलेल्या अंतराच्या आत जायचं नाही, आणि ज्याला शिंक, खोकला, ताप काहीही असेल त्याला जंगलाच्या फाटकावरच मागे ठेवतात. ठरलेला दिवस बदलून मिळत नाही, आपल्या जागी दुसरं कुणी जाऊ शकत नाही.

"आधी मैदानातली सफारी, जीपमधून," मॅडम म्हणाल्या होत्या. "सिंह, हत्ती काय दिसतील ते. तिथे नाक वाहिलं तरी सिंहाला फरक पडत नाही. पण शेवटच्या टप्प्याला, गोरिलांच्या वेळी, तब्येत ठणठणीत हवी. मागच्या गटातले एक गृहस्थ फाटकाजवळच्या बाकावर दिवसभर बसून राहिले. रडले हो ते."

तो बाक तिच्या डोक्यातून जाईना. ती विमा कंपनीत दाव्यांच्या फायली तपासायची. दिवसभर काय काय वाईट घडू शकतं तेच वाचायचं, आणि ते कुणाच्या कुठल्या हलगर्जीपणामुळे घडलं ते शोधायचं. शिडीला रबराचे पाय नव्हते. दूध उतू जाऊन गॅस विझला तेव्हा खिडकी बंद होती. त्या नोकरीनं तिला एक सवय लागली होती. कुठल्याही खोलीत शिरलं की आधी धोका दिसायचा, मग माणसं.

निघायला जेमतेम आठवडा राहिला तेव्हा नवऱ्याची मोठी बहीण राहायला आली. ताई शाळेत खेळाच्या बाई होत्या, आवाज मैदानाला पुरेल असा. आल्या आल्या त्यांनी मुंगीला खांद्यावर घेतलं, भावाला केर काढायला लावला आणि हिच्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "हे घालून झोपतेस पण की काय?"

"अजून नाही, ताई."

"नेम नाही तुझा. आणि घरात एक माकड असताना दुसरं बघायला इतक्या लांब कशाला जायचं म्हणते मी?"

"गोरिला माकड नसतो," मुंगी ताईंच्या खांद्यावरून म्हणाली. तिला हे पाठ होतं.

"बघा! आईची पोपटीण!" ताई हसल्या.

दोनच दिवसांनी पाळणाघरातून फोन आला. मुंगीचं नाक वाहतंय, अंग कोमट लागतंय. ती ऑफिसात होती. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, या दिवसांत मुलांचं असतंच. जा, जवळ घेऊन बस. आई जवळ असली की निम्मं दुखणं पळतं."

तिनं फोन खाली ठेवला. आधी मनात आलं ते मुंगीचं लाल झालेलं नाक नव्हतं. आधी आला तो फाटकाजवळचा बाक. मुंगी नंतर आली, क्षणभरानंच, पण नंतर. हे तिनं स्वतःच स्वतःला करताना पकडलं, आणि मैत्रिणीकडे न बघता फायली आवरायला घेतल्या.

मुंगीला आणायला तिनं ताईंना पाठवलं.

घरी येऊन तिनं पिशवीतली चिकटपट्टी काढली, खोकी बंद करायची तपकिरी, रुंद. बैठकीच्या खोलीच्या मधोमध, भिंतीपासून भिंतीपर्यंत, फरशीवर चिकटवली. अलीकडे आतली छोटी खोली आणि स्वयंपाकघराचं दार, पलीकडे ताईंची आणि मुंगीची खोली, बाहेरचं दार. न्हाणीघराच्या वेळा ठरवल्या. मुंगीची वाटी, भांडं, टॉवेल वेगळे केले. स्वतः मास्क लावला. हे सगळं करताना तिचे हात अगदी स्थिर होते. कामाला लागलं की तिची भीती कामाच्या आत जाऊन बसायची.

ताई मुंगीला घेऊन आल्या आणि पट्टीकडे बघतच राहिल्या.

"हे काय?"

"ताई, चारच दिवसांचा प्रश्न आहे. मला सर्दी झाली तर सगळं संपलं. तुमच्या लक्षात येतंय ना?"

"माझ्या येतंय. हिच्या कसं यायचं?"

मुंगी तोवर दोन्ही हात पसरून निघालीच होती. नाकाखाली दोन चकचकीत रेघा, गाल तापलेले. आई एक पाऊल मागे सरकली. मुंगी थांबली. तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं, आणि ते पूर्ण वाकडं व्हायच्या आत आईला सुचलं.

"थांब थांब! मुंगी, आज घरात कोण आलंय माहितेय? मी आई नाहीच. मी गोरिला."

मुंगीनं रडं तोंडातच धरून ठेवलं.

"आणि तू पाहुणी. लांबून, विमानातून आलीस गोरिला बघायला. आत्या तुझी वाटाड्या. पट्टीच्या इकडे यायचं नाही हं, पाहुण्यांनी पलीकडूनच बघायचं. का माहितेय?"

"गोरिलाला सर्दी होते," मुंगी म्हणाली.

"शाबास! किती हुशार पाहुणी!" आणि ती फरशीवर बसली, छातीवर मुठी आपटल्या, घशातून गुरगुरली, केसांतून खोट्या उवा काढून खाल्ल्या. मुंगी खळखळून हसली आणि हसता हसता खोकली. ताईंनी तिच्या नाकाला रुमाल लावला. आईचा जीव भांड्यात पडला. सहलीच्या तयारीत आपण केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट, असं त्या संध्याकाळी तिला खरंच वाटलं.

खेळ जमला. फारच जमला.

सकाळी मुंगी ताईंचं बोट धरून पट्टीपाशी यायची. गळ्यात दोरीला बांधलेली रिकामी काडेपेटी, तो कॅमेरा. आई चहाचा कप खाली ठेवून गुरगुरायची. मुंगी दोन फोटो काढायची, मग ताईंना म्हणायची, "बघून झालं." आणि दोघी निघून जायच्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आलं. नवऱ्याला तिनं आतल्या खोलीच्या दारातून सांगितलं. त्यालाही मुंगी खोकत असताना पट्टीपलीकडेच ठेवलं होतं, तो बैठकीत सतरंजीवर झोपायचा. तोही हसला. "पर्यटक असेच असतात. पाच मिनिटं बघतात, मग जेवायला काय आहे विचारतात."

दुसऱ्या दिवशी ती जास्त करामती करायला लागली. टेबलाखाली लपली, केळं सालासकट खाल्ल्यासारखं केलं. मुंगीनं बघितलं, मान डोलावली. "बघून झालं." पलीकडच्या खोलीतून मग ताईंचा मैदानी आवाज यायचा, कसल्या तरी शर्यतीचा, आणि मुंगीचा चिरका आवाज, "आत्या, परत! आत्या, परत!" ही आपल्या खोलीत अंथरुणावर सगळं सामान मांडून बसायची. काट्याकुट्यांसाठी जाड हातमोजे. पँटवरून ओढायचे लांब मोजे, मुंग्या आत शिरू नयेत म्हणून. जंगलातल्या मुंग्या. पावसाचं जाकीट. सगळे कपडे मातकट, हिरवट, राखी. भडक रंग नको होते. अंथरुणावर पडलेले ते रंग बघून तिला वाटायचं, हे कपडे घालून कोणीही कुठेही दिसेनासं होऊ शकेल. घडी घालायची, सॅकमध्ये भरायची, आणि वजन नीट बसलं नाही म्हणून पुन्हा सगळं काढायची.

एका संध्याकाळी मुंगीचा ताप चढला. नवरा कामावरून यायचा होता. ताईंनी पट्टीपाशी येऊन सांगितलं, "औषध संपलंय. मी पळत जाऊन आणते. झोपलीय ती, उठायची नाही. तू इथूनच लक्ष ठेव."

ती पट्टीच्या कडेला उभी राहिली. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगाचं टोक दिसत होतं, त्यावर चादरीखाली मुंगीचा लहानसा उंचवटा. उंचवटा भरभर वरखाली होत होता. ती डोळ्यांत तेल घालून तेवढंच बघत होती. मग उंचवटा हलला. मुंगी कण्हली, उठून बसली. केस घामानं कपाळाला चिकटलेले, डोळे तापानं जड. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि तोंड उघडलं, "आ..."

आईनं पट्टी ओलांडली. विचार करून नाही. उजवा बूट पट्टीच्या पलीकडे पडला, मास्क खाली ओढायला हात वर गेला. आता हाक आली की उरलेलं सगळं ओलांडायचं, जाऊ दे तो डोंगर, जाऊ दे तो तास.

"आत्या कुठेय?" मुंगी म्हणाली.

हात तसाच राहिला.

"आत्या... औषध आणायला गेलीय, बाळा. येतेय हं आत्ता. मी येऊ का?"

मुंगीनं तिच्याकडे बघितलं. तिच्या बुटाकडे बघितलं, पट्टी ओलांडून आलेल्या.

"गोरिलाला सर्दी होते," ती बारीक आवाजात म्हणाली. मग तिनं आपलं आपणच उशीवर डोकं टेकवलं, चादर हनुवटीपर्यंत ओढली, अंगठा तोंडात घातला आणि दाराकडे डोळे लावून वाट बघत पडून राहिली. रडली नाही.

आईचा एक पाय पट्टीच्या इकडे, एक तिकडे. घरात कुणी नव्हतं, तरी आपल्याला या अवस्थेत कुणीतरी बघतंय असं वाटून तिला ओशाळल्यासारखं झालं. तिनं पाय मागे घेतला.

ताई धापा टाकत आल्या. "उठली होती? आणि रडली नाही? काय शहाणं बाळ गं माझं!"

"हो," ती म्हणाली. "अजिबात रडली नाही."

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, नाक आणि खोकला राहील अजून थोडे दिवस, आणि तो असेपर्यंत दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे पट्टी राहिली. फरशी पुसताना ताईंनी ती वैतागून उपटून टाकली, "त्या चिकट्यात सगळी घाण अडकते गं," पण त्यानं काही बिघडलं नाही. मुंगी धावत आली तरी पट्टी होती तिथेच पाय रोवून थांबायची. फरशीवर आता काहीच नव्हतं. तिला रेघ दिसायचीच.

निघायच्या आदल्या दिवशी नवरा पट्टी होती तिथे, तिच्या दारासमोर येऊन बसला. सॅक बांधून तयार होती.

"अरे," ती म्हणाली, "मी नाही गेले तर?"

तो दचकला. "घसा दुखतोय का?"

"नाही. घसा ठीक आहे."

"मग? आता काय झालं?"

"काही नाही. सहज विचारलं."

"तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. आम्ही अगदी मजेत राहू. बघतेयस ना, किती छान राहतेय ती? ताई पण म्हणत होती, आईची आठवणसुद्धा काढत नाही." त्याला धीर द्यायचा होता. त्याच्या आवाजात फक्त प्रेम होतं.

"हो ना," ती म्हणाली. "बरं झालं."

त्यानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुला मी काय म्हणायला हवंय? सांग, तसं म्हणतो."

काय म्हणायला हवं होतं ते तिला पक्कं माहीत होतं. दोनच शब्द होते. पण ते मागून मिळाले तर त्यांना काय अर्थ? आणि खरंच कुणी म्हटलं असतं, नको जाऊस, तर ती उसळून भांडली असती, हेही तिला माहीत होतं. तिला जायचंच होतं. जाताना कुणीतरी पदर धरावा एवढंच हवं होतं, आणि पदर सोडवून कसा घ्यायचा हे ती गेले चार दिवस सगळ्यांना शिकवत बसली होती.

"काही नको," ती म्हणाली. "उद्या टॅक्सी वेळेवर येईल ना ते बघ."

टॅक्सी दुपारी आली. मुंगी जेवून झोपली होती. "उठवू नकोस," ताई कुजबुजल्या. त्यांचं कुजबुजणंही जिन्यापर्यंत गेलं असतं. "उगाच रडारड. आणि काळजी करू नकोस, मी आहे. नीट जा. त्या गोरिलाला सांग, इकडे एक नणंद आहे तुझ्यासारखी."

ती हसली. दारातून पलंगाचं टोक दिसत होतं. झोपेत पडलेला एक तळवा, उताणा. तिनं रेघेपलीकडूनच बघितलं. बघून झालं, असं तिच्या मनात आलं, आणि ती वळली.

जिन्यात पोस्टमास्तर उठून उभे राहिले. "आज खरोखरच निघालात." त्यांनी विचारलं नाही. नवरा सॅक टॅक्सीत ठेवत होता, तो विमानतळापर्यंत सोडायला येणार होता. तिनं मागचं दार उघडलं, आत बसली, गुडघ्यांवर हात ठेवले. घसा गिळून बघितला. स्वच्छ. नाक मोकळं. अंग हलकं. इतक्या दिवसांची डोळ्यांत तेल घालून केलेली राखण कामाला आली होती. एखाद्या फायलीवर तिनं समाधानानं शिक्का मारला असता, सर्व खबरदारी घेतल्याचे आढळते.

नवरा पुढच्या सीटवर बसून दार लावणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब जरा."

"काय राहिलं?"

ती उत्तर न देता उतरली. पाठीवर सॅक नव्हती, बूट पायात मुरलेले होते, दम लागला नाही. ताईंनी दार उघडलं, "काय विसरलीस?" ती त्यांच्या बाजूनं आत गेली, बैठकीची खोली ओलांडली, न थांबता, मास्क काढून खिशात कोंबला आणि पलंगावर, बुटांसकट, मुंगीच्या शेजारी आडवी झाली. तोंडाजवळ तोंड. मुंगीचा श्वास गरम होता, त्याला औषधाच्या गोड पाकाचा आणि झोपेचा वास होता. तिनं तो नाकानं, तोंडानं, मिळेल तसा आत घेतला.

सर्दी व्हायची असेल तर मैदानातल्या सफारीतच कळेल. मग ती आपणहून सांगेल. गोळी घेऊन लपवणार नाही. जे तिनं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं ते अजूनही खरं होतं, आणि तिथे कुणाच्या तरी कुशीत पिल्लू होतं. ती फाटकाजवळच्या बाकावर दिवसभर बसून राहील, बाकीचे वर जातील. ठीक आहे. हे तिनं नीट, एकेक करून मनाशी मांडलं. काय काय वाईट घडू शकतं याचा हिशेब तिच्याइतका कुणाला जमत नव्हता, आणि तो मांडून झाल्यावरही ती तिथून हलली नाही.

मुंगीनं डोळे उघडले. इतक्या जवळून तिला आईचा चेहरा नीट दिसलाही नसेल. तिला नवल वाटलं नाही.

"आई, तू गेलीस ना?"

"हो," ती म्हणाली. "गेले."

"गोरिला बघितला?"

"नाही अजून."

मुंगी खोकली, सरळ आईच्या तोंडावर, हात आडवा न धरता. आईनं तोंड फिरवलं नाही. दारात ताई उभ्या होत्या. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मुंगीनं डोळे मिटले होते, पण तिचा हात आईच्या गळ्याशी येऊन, जाकिटाची चेन खाली-वर, खाली-वर करत होता. पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांब.

"जा ना," मुंगी झोपेतच म्हणाली, आणि चेन वरपर्यंत ओढून लावून दिली.